एकाच अंगात दोघांचं रक्त : जुळ्यांची एक भन्नाट गोष्ट

(ज्यांच्याकडे रेंज येत नाही किंवा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे पुन्हा पुन्हा आलं ते गाळलंय, बाकी जसंच्या तसं.)

मी सुरगाण्याहून बोलतेय. बाहेर पाऊस चालू आहे, त्यामुळे मध्येच पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

मागच्या भागात आपण रक्तदान शिबिराबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच व्हॉइस नोट आल्या. त्यातली एक उंबरठाणकडच्या एका ताईंची होती. त्यांना जुळी मुलं आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. शाळेच्या कार्डासाठी दोघांचा रक्तगट काढला, तर मुलगा निघाला बी आणि मुलगी ओ. घरातल्या एका मोठ्या माणसाने लगेच विचारलं, "एकाच पोटातली जुळी, मग रक्त वेगळं कसं?" ताई म्हणाल्या, "विचारलं साधंच, पण त्या प्रश्नात काय होतं ते मला कळलं."

ताई, तुम्हाला काय कळलं ते आम्हालाही कळलं. म्हणून आजचा अख्खा भाग याच विषयावर. आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. मग त्याच वाटेने पुढे जाऊन एक अशी गोष्ट सांगते, की ऐकून तुम्ही मोबाईल खाली ठेवाल. काही जुळ्या भावंडांच्या अंगात एकमेकांचं रक्त असतं. एक-दोन दिवस नाही, आयुष्यभर.

आधी साधी गोष्ट : जुळी दोन प्रकारची

आपल्याकडे लहानपणी सगळ्यांना सांगतात, जुळं केळं खाऊ नको, जुळं होईल. केळ्याचा काही संबंध नाही, पण जुळं होतं कसं ते बघू.

पहिला प्रकार, एकबीज जुळी. एक बीज फळतं आणि नंतर त्याचे दोन भाग होतात. ही मुलं दिसायला सारखी, दोघं मुलगे किंवा दोघी मुली, आणि रक्तगटही एकच.

दुसरा प्रकार, द्विबीज जुळी. त्या महिन्यात आईची दोन बीजं सुटतात आणि दोन वेगवेगळ्या शुक्राणूंनी ती फळतात. म्हणजे ही दोन साधी भावंडंच, फक्त एकाच वेळी पोटात राहिलेली. एक मुलगा आणि एक मुलगी असेल, तर जवळजवळ नेहमीच हा प्रकार.

आता रक्तगटाचा हिशोब. प्रत्येकाकडे एबीओ गटाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. समजा आई ए गटाची आहे, पण तिच्याकडे एक प्रत ए ची आणि एक ओ ची. बाप बी गटाचा, त्याच्याकडे एक बी ची आणि एक ओ ची. यांची मुलं कोणत्या गटाची होतील? ए, बी, एबी आणि ओ, चारही! मग जुळ्यांपैकी एक बी आणि दुसरी ओ यात नवल काय? दोन वर्षांच्या अंतराने झालेल्या भावंडांचं रक्त वेगळं असलं तर कुणी काही बोलत नाही. द्विबीज जुळ्यांचंही तेच.

तर ताई, घरच्यांना हा हिशोब ऐकवा. विषय इथेच संपतो.

पण मंडळी, आपला विषय इथे सुरू होतो. त्यासाठी आधी गोठ्यात जावं लागेल.

गोठ्यातलं कोडं

आपल्या डांगी गाईला क्वचित जुळं होतं. एक गोऱ्हा आणि एक कालवड झाली, तर जुनी जाणती माणसं काय म्हणतात? "ही कालवड पुढे गाभण राहायची नाही." आणि बहुतेक वेळा तसंच होतं. कालवड वाढते, अंगापिंडाने चांगली होते, पण माजावर येत नाही, आणि आली तरी गाभण राहत नाही.

हे फक्त आपल्याकडच्यांनीच बघितलंय असं नाही. इंग्लंडमध्ये अशा कालवडीला 'फ्रीमार्टिन' म्हणतात, आणि जॉन हंटर नावाच्या शल्यविशारदाने 1779 सालीच तिच्यावर लेख लिहिला होता. कारण मात्र त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी कळलं. 1916 च्या सुमारास अमेरिकेत फ्रँक लिली यांनी दाखवलं, की गाईच्या पोटात जुळ्या वासरांच्या जारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. एकाचं रक्त दुसऱ्यात वाहतं. गोऱ्ह्याच्या अंगात तयार होणारे नराचे रस कालवडीत जातात, आणि तिचं गर्भाशय धड तयारच होत नाही. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या कालवडींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त अशा वांझ निघतात.

पुढचा धागा सापडला 1945 साली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन गाईबैलांचे रक्तगट तपासत होते. त्यांच्यापुढे जुळ्या वासरांची एक विचित्र जोडी आली. गाय एकच, पण दोन वासरं दोन वेगळ्या वळूंपासून झालेली. कुत्र्या-मांजरांत असं सर्रास होतं, गाईंत क्वचित. ओवेननी रक्त तपासलं, तर प्रत्येक वासराच्या अंगात दोन प्रकारच्या लाल पेशी. एक प्रकार स्वतःचा, दुसरा जोडीदाराचा.

आता तुम्ही म्हणाल, पोटात असताना रक्त मिसळलं असेल, त्यात काय मोठं? थांबा. लाल पेशी जगतात किती? माणसाच्या साधारण 120 दिवस, गाईच्या थोड्या जास्त. पोटात मिसळलेल्या पेशी जन्मानंतर काही महिन्यांत संपायला हव्यात. पण मोठ्या झालेल्या जनावरांतही त्या सापडत होत्या. म्हणजे नुसत्या पेशी आल्या नव्हत्या, पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी आल्या होत्या आणि हाडाच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, घर करून बसल्या होत्या.

नागलीचा आवा समजा. तुमच्या शेतातली मूठभर रोपं शेजारच्याच्या शेतात लागली, तर ती तिथे वाढणार आणि तिथेच कणसं धरणार. दाणे तुमच्या बियाण्याचे, शेत त्याचं.

शरीर परक्याला हाकलत का नाही?

हा प्रश्न मला पहिल्यांदा वाचताना पडला होता. चुकीच्या गटाचं रक्त चढवलं तर माणूस मरू शकतो. मग भावाचं परकं रक्त बहिणीच्या अंगात वर्षानुवर्षं कसं राहतं?

उत्तर वेळेत आहे. आपली रोगप्रतिकारशक्ती पोटात असताना 'आपलं कोण आणि परकं कोण' हे शिकत असते. त्या शिकण्याच्या काळात जे अंगात असतं, त्याला ती घरचं समजते. घरात आधीपासून वाढलेल्या पाहुण्याच्या पोरावर कुत्रा भुंकत नाही, तसं.

इंग्लंडमध्ये पीटर मेडावार आणि त्यांच्या साथीदारांनी जुळ्या वासरांची कातडी एकमेकांना लावून बघितली, आणि द्विबीज जुळ्यांतही ती चिकटून राहिली. मग 1953 साली त्यांनी उंदरांवर प्रयोग केला. पोटातल्या पिल्लांना दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्याच जातीच्या उंदराची कातडी त्यांच्यावर टिकली. या शोधासाठी मेडावार आणि ऑस्ट्रेलियाचे फ्रँक बर्नेट यांना 1960 चं नोबेल मिळालं. आज किडनी बदलणं, लिव्हर बदलणं यामागचं जे शास्त्र आहे, त्याची एक मुळी अशी गोठ्यात रुजली आहे.

मुंबई 1952, शेफिल्ड 1953

आता जनावरांकडून माणसांकडे येऊ. आणि इथे आपली मुंबई येते.

1952 साली परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजमधले डॉक्टर य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधला. ज्यांचा तो होता त्यांचं रक्त तपासणीत ओ सारखं दिसायचं, पण ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांना चालत नव्हतं. ए आणि बी हे दोन्ही ज्या पायावर उभे राहतात तो 'एच' नावाचा पदार्थच त्यांच्या पेशींवर नव्हता. ओ गटाच्या पेशींवर तो भरपूर असतो, म्हणून ओ रक्तही त्यांना परकं. याच गटाला आज जग 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असा गट असतो, असं नेहमी सांगितलं जातं.

'लॅन्सेट' साप्ताहिकात आलेल्या त्या लेखावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्याबरोबर लंडनच्या तज्ज्ञांचीही नावं आहेत, त्यांत रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस. ही दोन नावं लक्षात ठेवा, कारण पुढच्याच वर्षी हीच दोघं आपल्या गोष्टीत परत येतात.

1953 साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावात पंचविशीतली एक बाई रक्त द्यायला आली. तिथल्या आयव्हर डन्सफोर्ड यांनी तिचा गट तपासला, तर निकाल धड लागेना. काही पेशी ए गटासारख्या गोळा होत होत्या, काही ओ सारख्या मोकळ्याच राहत होत्या. पहिली शंका कोणती येणार? हिला कधीतरी दुसऱ्याचं रक्त चढवलं असेल. पण तिला कधीच रक्त चढवलं नव्हतं.

नमुना लंडनला रेस आणि सँगर यांच्याकडे गेला. रेसना ओवेनच्या वासरांची आठवण झाली. त्यांनी उलट विचारायला सांगितलं, "या बाईला जुळं भावंड होतं का?"

होतं. जुळा भाऊ होता. तीन महिन्यांचा असताना तो वारला होता.

विचार करा मंडळी. भाऊ जाऊन जवळपास पंचवीस वर्षं झाली होती. आणि त्याच्या रक्ताच्या पेशी बहिणीच्या अंगात रोज नव्याने तयार होत होत्या. तिला याची कधी शंकाही आली नव्हती.

मग प्रश्न उरला, तिचा स्वतःचा गट कोणता, ए की ओ? त्यासाठी तिची लाळ तपासली. बऱ्याच माणसांच्या लाळेतही रक्तगटाचे पदार्थ उतरतात, आणि लाळेच्या ग्रंथी तर तिच्या स्वतःच्याच, भावाच्या नाहीत. लाळेत एच पदार्थ सापडला, ए सापडला नाही. म्हणजे ती ओ गटाची, आणि ए पेशी भावाच्या.

माणसातली ही पहिली नोंद. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं 'कायमेरा'. हा ग्रीक पुराणातला प्राणी, पुढून सिंह, मध्ये बकरी आणि शेपटीला साप. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो ना, वेगवेगळ्या प्राण्यांचे अवयव एकत्र असलेला, तसंच काहीतरी. नाव राक्षसाचं आहे, पण माणूस अगदी तुमच्या-आमच्यासारखा. म्हणून मी या अवस्थेला 'मिश्ररक्त जुळी' म्हणेन.

ओळखतात कसं? पायरी पायरीने

आता मुख्य भाग. समजा सुरगाण्यात शिबिर लागलंय आणि तुम्ही रक्त दिलंय. तिथून पुढे काय काय होतं?

पायरी एक, गोळे बघणं. रक्ताच्या थेंबात ए विरोधी द्रव टाकतात. ए पेशी असतील तर त्यांचे गोळे होतात, नसतील तर रक्त एकसारखं राहतं. मिश्ररक्त माणसात दोन्ही दिसतं, काही गोळे आणि आजूबाजूला मोकळ्या पेशी. याला लॅबवाले 'मिक्स्ड फील्ड' म्हणतात. मोठ्या रक्तपेढ्यांत जेल कार्ड वापरतात. त्यात गोळे झालेल्या पेशी वर अडकतात आणि मोकळ्या पेशी तळाला जातात. नळीत वर एक लाल रेघ आणि खाली एक लाल रेघ दिसली, की टेक्निशियन खुर्चीत सरळ बसतो.

पायरी दोन, चौकशी. मिक्स्ड फील्ड दिसलं म्हणजे लगेच जुळ्यांची भानगड, असं नाही. त्याची जास्त नेहमीची कारणं वेगळीच आहेत. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलंय का? बोन मॅरो बदललाय का? बाई नुकतीच बाळंत झालीय का, कारण बाळाच्या थोड्या पेशी आईत येऊ शकतात. ए गटाचा एखादा कमजोर उपप्रकार आहे का? रक्ताचा कॅन्सर आहे का? आणि नमुन्याची अदलाबदल झाली का? म्हणून आधी ताजा नमुना घेऊन पुन्हा तपासतात. आणि मग तो प्रश्न, "तुम्हाला जुळं भावंड आहे का? किंवा होतं का?"

पायरी तीन, उलटी तपासणी. पेशी बाजूला ठेवून रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम तपासतात. साध्या ओ गटाच्या माणसाच्या सीरममध्ये ए विरोधी आणि बी विरोधी, अशी दोन्ही हत्यारं असतात. पण ओ गटाच्या बहिणीत ए गटाच्या भावाच्या पेशी मुरलेल्या असतील, तर तिच्यात ए विरोधी हत्यार नसतं, फक्त बी विरोधी असतं. शरीराने ए ला घरचं मानलंय, त्याची ही खूण.

पायरी चार, पेशी वेगळ्या करणं. गोळे झालेल्या पेशी एकीकडे आणि मोकळ्या दुसरीकडे काढतात, आणि दोन्हींचे बाकीचे गट तपासतात. आरएच, एमएन, केल, डफी, किड, असे पुष्कळ गट आहेत. दोन्ही ढिगांचे गट वेगळे निघाले, तर ती दोन वेगळ्या माणसांचीच रक्तं.

पायरी पाच, गुणसूत्रं. जुळं भाऊ-बहीण असेल तर काम सोपं होतं. बहिणीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या की काही एक्सएक्स आणि काही एक्सवाय निघतात. बाईच्या रक्तात पुरुषाची गुणसूत्रं! पण यावरून "ही पूर्ण बाई नाही" असा अर्थ कुणी काढू नये. हे फक्त रक्तातलं आहे.

पायरी सहा, डीएनए. डीएनएमध्ये काही ठरलेल्या जागा असतात, जिथे प्रत्येक माणसाकडे जास्तीत जास्त दोन प्रकार असतात, एक आईचा आणि एक बापाचा. मिश्ररक्त माणसाच्या रक्तात काही जागांवर तीन किंवा चार प्रकार दिसतात. मग त्याच माणसाच्या केसाच्या मुळातला किंवा कातडीतला डीएनए घेतात. तिथे दोनच प्रकार सापडले, तर मिसळ फक्त रक्तात आहे हे पक्कं होतं. गालाच्या आतून कापसाने घेतलेला नमुना इथे दगा देऊ शकतो, कारण तोंडातल्या थुंकीतही रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात. शेवटी जुळं भावंड हयात असेल तर त्याचाही नमुना जुळवून बघतात.

एवढ्या तपासण्या आपल्या ग्रामीण रुग्णालयात होणार नाहीत, उघड आहे. पहिल्या दोन-तीन पायऱ्या जिल्ह्याच्या रक्तपेढीत होतात. पुढचं काम मोठ्या संस्थांचं. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय रुधिर प्रतिरक्षा विज्ञान संस्था आहे. रक्तगटांच्या अवघड कोड्यांसाठीच ती 1957 साली सुरू झाली होती.

हे किती जणांत असतं?

पूर्वी वाटायचं, लाखात एखादं. मग 1996 साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी खूप बारीक पद्धतीने, म्हणजे चमकणारे रंग लावून, जुळ्या-तिळ्यांचं रक्त तपासलं. जुळ्यांमध्ये सुमारे 8 टक्के आणि तिळ्यांमध्ये सुमारे 21 टक्के मिश्ररक्त निघाले. पण बहुतेकांत परक्या पेशी इतक्या थोड्या, की साध्या तपासणीत त्या दिसणारच नाहीत.

माणसांत द्विबीज जुळ्यांच्या वारा सहसा वेगळ्या असतात, कधी शेजारी शेजारी चिकटलेल्या. त्यामुळे गाईंसारखं सर्रास रक्त मिसळत नाही. क्वचित दोन द्विबीज बाळांना एकच वार असते. अमेरिकेतून 2003 साली अशी एक जोडी नोंदली गेली. तोपर्यंत डॉक्टर शिकत आले होते, की एकच वार म्हणजे एकबीज जुळी.

आणि भावाबरोबर जन्मलेल्या मुलींच्या आयांनो, कालवडीची गोष्ट ऐकून घाबरू नका. मिश्ररक्त बायका साधारणपणे वांझ नसतात. गाईतलं गणित माणसाला लावायचं नाही. कुणी लावलं तर त्याला हा भाग पाठवा.

आपल्याला याचं काय?

बरोबर प्रश्न. मी तीन कारणं सांगते.

पहिलं, सिकलसेल. आपल्या भागात कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल वस्त्यांमध्ये हा शब्द नवा नाही. 1 जुलै 2023 ला देशभर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू झालं, 2047 पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. द्विबीज जुळ्यांत प्रत्येकाचा हिशोब वेगळा, त्यामुळे एक आजारी आणि दुसरं पूर्ण निरोगी असं होऊ शकतं. आता अशा जुळ्यांचं रक्त मिसळलेलं असेल, तर तपासणीत सिकलचं प्रमाण नेहमीच्या आकड्यात बसणार नाही. वाहकाच्या रक्तात ते साधारण 35 ते 40 टक्के असतं. रिपोर्ट फारच वेगळा आला आणि तुम्ही जुळ्यांपैकी असाल, तर एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगा, "मी जुळा आहे." फुकटचं वाक्य आहे, पण कोडं सोडवू शकतं.

आणि याच सिकलसेलमध्ये माणूस मुद्दाम मिश्ररक्त करतात! निरोगी, जुळणाऱ्या भावंडाचा बोन मॅरो रुग्णाला देतात. मोठी आणि जोखमीची गोष्ट आहे, सगळ्यांना जमत नाही. पण अनुभव असा, की मगजात दात्याच्या पेशी साधारण 20 टक्के टिकल्या तरी आजार आटोक्यात येऊ शकतो. इतक्या कमी का पुरतात? सिकल पेशी 10 ते 20 दिवसांत मरतात आणि निरोगी 120 दिवस जगतात. कारखान्यात निरोगी यंत्रं कमी असली तरी त्यांचा माल जास्त दिवस टिकतो, म्हणून बाजारात तोच जास्त दिसतो. वासरांमध्ये निसर्गाने जे केलं, तेच इथे डॉक्टर हाताने करतात.

दुसरं, डीएनए चाचणी. 2002 च्या सुमाराला अमेरिकेत दोन आयांची प्रकरणं गाजली. चाचणी सांगत होती, की त्यांनी जन्म दिलेली मुलं त्यांची नाहीत. एकीला तर कोर्टात उभं राहावं लागलं. त्यांचा प्रकार थोडा वेगळा होता. त्यात पोटात दोन गर्भ अगदी सुरुवातीला एकत्र होऊन एकच माणूस झालेला असतो, त्यामुळे मिसळ नुसत्या रक्तात नाही, बाकीच्या अंगातही असते. शेवटी शरीराच्या दुसऱ्या भागातले नमुने घेतल्यावर आया खऱ्या ठरल्या. यावरून डीएनए चाचणी खोटी असते, असं नाही. एकाच जागचा नमुना कधी कधी अर्धीच गोष्ट सांगतो, एवढंच.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रक्तगट जुळला नाही की संशय कुणावर जातो? बापावर जात नाही, नमुन्यावर जात नाही, कार्ड भरणाऱ्यावरही जात नाही. आईवर जातो. मी आज सांगितलेलं पुन्हा मोजा. जुळ्यांचे गट वेगळे, तर ते साधं गणित. आई-बाप एबी आणि ओ असताना मूल ओ दिसलं, तर घाईत केलेली तपासणी असेल, चुकीची नोंद असेल, किंवा दहा हजारांत एक असा बॉम्बे गट असेल. तपासणीत दोन गट दिसले, तर जुळ्याचं रक्त असेल. इतके दरवाजे उघडे असताना लोक एकाच दारावर लाथ मारतात. मुंबईत भेंड्यांना आणि शेफिल्डमध्ये डन्सफोर्डना निकाल चुकीचा वाटला, तेव्हा त्यांनी माणसावर शंका घेतली नाही. पुन्हा तपासलं. म्हणून तर दोन मोठे शोध लागले.

जाता जाता, चार कामाच्या गोष्टी

एक, रक्तगट एकाच कार्डावरून पक्का धरू नका. ऑपरेशन किंवा बाळंतपणाआधी दवाखाना पुन्हा तपासतो, तो तपासू द्या. "आमच्याकडे कार्ड आहे की" म्हणून हुज्जत घालू नका.

दोन, रिपोर्टवर 'मिक्स्ड फील्ड' लिहिलं असेल तर घाबरू नका आणि तो कागद टाकूनही देऊ नका. पुढच्या प्रत्येक वेळी दाखवा. अशा माणसाला कोणतं रक्त द्यायचं ते रक्तपेढीच ठरवते.

तीन, तुम्ही जुळ्यांपैकी असाल, किंवा तुमचं जुळं भावंड लहानपणी गेलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. घरात तो विषय निघत नसेल तर आजीला विचारा. अशा गोष्टी आज्यांना माहीत असतात. बोन मॅरो बदललेला असेल तर तेही सांगायचंच, कारण रक्तातला डीएनए आणि कधी कधी गटही दात्याचा झालेला असतो.

चार, गोऱ्ह्याबरोबर झालेली कालवड असेल तर तिच्यावर दोन-तीन वर्षं खर्च करण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तिचीही रक्तावरून तपासणी होते. शंभरातल्या थोड्या चांगल्या निघतात, त्यामुळे न दाखवता विकूही नका.

आणि उंबरठाणच्या ताई, तुमची मुलगी ओ आणि मुलगा बी. दोघंही तुमचेच, दोघंही ठणठणीत. हा भाग मोबाईलवर मोठ्या आवाजात लावा आणि सगळ्यांना चहा द्या.

पुढच्या भागात सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी आणि मोठी चाचणी यात फरक काय, आणि लग्नाआधी कार्ड जुळवायचं म्हणजे नक्की काय जुळवायचं, ते बोलू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, छोटी पाठवा, सगळ्यांचा डेटा वाचेल.

चला, भेटू. काळजी घ्या!